एका रांगेत माणसं किती?

कमाटीबागेत सकाळी फिरून झालं की आम्ही सात-आठ जण ज्या बाकावर बसतो, तिथे सध्या दोन पक्ष पडले आहेत. बडोद्यात एअरबसच्या सी-२९५ विमानांचा कारखाना झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून एक पक्ष एअरबसचा. दुसरा पक्ष जुना, बोइंगचा. आमच्यापैकी बहुतेकांची मुलं अमेरिकेत, कॅनडात किंवा लंडनला. वर्षाआड एकदा तरी कुणी ना कुणी मुंबई गाठून तिकडे निघतं, आणि निघण्याआधी "कुठल्या विमानाने जावं?" हा प्रश्न बाकावर येतो. मग खिशातून मोबाइल निघतात आणि तक्ता वाचला जातो: बोइंग ७७७ ची केबिन आतून ५.८७ मीटर रुंद, एअरबस ए३५० ची ५.६१, बोइंग ७८७ ची ५.४९, ए३३० ची ५.२८. बोइंगवाला विजयी मुद्रेने म्हणतो, "बघा, ७७७ सगळ्यांत ऐसपैस." एअरबसवाला ए३८० चा खालचा मजला पुढे करतो, तो साडेसहा मीटर. असं अर्धा तास चालतं.

हा वाद चुकीच्या आकड्यावर चाललेला आहे. केबिनची रुंदी विमान चालवणाऱ्या कंपनीला मिळते, प्रवाशाला नाही. प्रवाशाच्या वाट्याला येतो तो भागाकार: त्या रुंदीत एका रांगेत किती माणसं बसवली, आणि चालायच्या वाटा व हात टेकायच्या पट्ट्या सोडून प्रत्येकाला किती इंच उरले. माझं म्हणणं असं की हा भागाकार तिकीट विकण्याआधी प्रवाशाला सांगणं कंपनीवर बंधनकारक असावं, आणि लांबच्या प्रवासासाठी त्याला एक किमान मर्यादा असावी. बोइंग की एअरबस, हा प्रश्न त्यानंतरचा.

हिशेब करून दाखवतो, कारण माझा जन्म रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात गेला आणि मोजल्याशिवाय मला बोलता येत नाही. ७७७ ची आतली रुंदी सुमारे २३१ इंच. आज बहुतेक कंपन्या तिच्यात ३-४-३ अशा दहा सीट बसवतात. तीन-चार-तीनच्या गटांना मिळून हात टेकायच्या तेरा पट्ट्या लागतात. दोन-दोन इंच धरले तर २६ गेले. दोन वाटा आणि भिंतीलगतची फट यांना ३५ इंच द्या. उरले १७०, म्हणजे माणशी १७ इंच. आता ७६७ घ्या. दोन वाटांच्या ज्या मोठ्या विमानांना वाइड-बॉडी म्हणतात, त्यांतलं हे सगळ्यांत अरुंद. आतली रुंदी १८६ इंच, ७७७ पेक्षा तब्बल पावणेचार फूट कमी. पण तिच्यात २-३-२ अशा सातच सीट असतात. पट्ट्या दहा, त्यांचे २० इंच. सात सीटना १८ प्रमाणे १२६. आणि तरी ४० इंच वाटांसाठी शिल्लक. म्हणजे रुंदीत शेवटच्या नंबरचं विमान प्रत्येक प्रवाशाला एक इंच जास्त देतं आणि चालायची वाटही मोठी देतं. शिवाय ७६७ मध्ये सातांपैकी एकच माणूस दोघांच्या मध्ये अडकतो; दहाच्या रांगेत असे चौघे असतात. तक्त्यावरून विमान निवडणाऱ्याला यातलं काय कळलं?

एक इंचाने काय बिघडतं, असं विचारणाऱ्याने सोळा तासांच्या प्रवासात दोन थोराड माणसांच्या मध्ये बसून पाहावं. सीटवर कंबर मावते, खांदे मावत नाहीत. खांदे कमरेपेक्षा रुंद असतात आणि सीट मोजली जाते ती दोन पट्ट्यांच्या मधली. त्यामुळे शेवटचा इंच कमी होतो तेव्हा तो खांद्यांवर येतो. माणूस एक खांदा पुढे काढून तिरका बसतो, आणि तिरका बसलेला माणूस झोपू शकत नाही.

ही विमानं एवढी रुंद झाली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. बोइंग ७४७ चा आराखडा होत होता तेव्हा पुढची प्रवासी विमानं ध्वनीपेक्षा वेगाने उडतील असा तज्ज्ञांचा कयास होता. तसं झालं तर ७४७ ला मालवाहू म्हणून दिवस काढावे लागतील, या विचाराने मुख्य मजल्यावर आठ फुटी मालाच्या पेट्या दोन ओळींत शेजारी-शेजारी मावाव्यात एवढी रुंदी तिला दिली गेली. एअरबस ए३०० चं गोल पोट किती मोठं असावं हे ठरवताना, खाली सामानाचे ठरावीक मापाचे डबे दोन-दोन शेजारी बसावेत हा विचार होता; तोच घेर पुढे ए३३० आणि ए३४० ला मिळाला. यात मला काही गैर वाटत नाही, अभियांत्रिकीत असंच असतं. पण एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे: पेटीचं माप आधी ठरलं होतं आणि ते कुणीही कमी करू शकत नव्हतं. माणसाचं माप मात्र विमान विकल्यावर, कंपनीच्या कचेरीत, नकाशावर ठरत होतं. १९७० च्या जानेवारीत ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला पहिल्यांदा प्रवासी घेऊन गेली तेव्हा मागच्या वर्गात एका रांगेत नऊ सीट होत्या. पुढे त्याच दहा झाल्या. १९७१ मध्ये एअर इंडियाची पहिली ७४७, 'एम्परर अशोक', मुंबईत आली. तिच्या खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके आमच्या पिढीने फोटोंत कितीदा पाहिले असतील. विमानाला राजवाडा म्हणायचे ते दिवस.

तेच पुढेही घडत गेलं. ७७७ सेवेत आली १९९५ साली, नऊच्या रांगेने. तेव्हा साडेअठरा इंचांची सीट सहज बसत होती. आज दहा हा रिवाज झाला आहे. ७८७ च्या जाहिरातीत सुरुवातीला आठची रांग होती; जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये ती २-४-२ ठेवली, बाकी जवळजवळ सगळ्यांनी ३-३-३ केली आणि सीट सतरा इंचांच्या आसपास आली. एअरबसने २०१३ मध्ये लांबच्या प्रवासाला किमान १८ इंचांची सीट असावी असा जाहीर आग्रह धरला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण त्याच एअरबसने ए३८० मध्ये एका रांगेत अकरा सीटची रचना देऊ केली, आणि पुढे ए३५० च्या आतल्या भिंती पातळ करून जे चार इंच मिळवले त्याचा उपयोग रांगेत दहावी सीट बसवण्यासाठी सांगितला. आमच्या बाकावरच्या एअरबस पक्षाने हे जरूर लक्षात घ्यावं. बनवणारा कुणीही असो, मिळालेली रुंदी पुढच्या सीटच्या घशात जाते.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा भाड्याचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. नऊच्या जागी दहा बसले म्हणजे त्याच विमानात, त्याच इंधनात, जवळपास अकरा टक्के जास्त माणसं गेली. आमच्या आईवडिलांच्या पिढीत विमानात बसलेला माणूस अख्ख्या पोळात, म्हणजे गल्लीत, एखादा. आज दांडिया बाजारातल्या साध्या पेन्शनरलाही नातवाच्या मुंजीला न्यू जर्सीला जाता येतं, त्यात या दाटीवाटीचा वाटा नक्की आहे. आणि अरुंद पण स्वस्त गोष्ट लोकांना काय देऊ शकते, हे बडोदेकरांना कुणी सांगायला नको. खंडेराव गायकवाडांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली, ती आधी बैल ओढत होते. साडेपाच फुटी ब्रॉडगेजचा हट्ट धरला असता तर डभोईला रेल्वे यायला कितीतरी वर्षं लागली असती. नॅरोगेजने कापूस बाजारात आणला, माणसं गावात आणली. अरुंद म्हणजे वाईट, असं म्हणणारा माणूस डभोईच्या स्टेशनावर कधी उभा राहिलेला नसतो.

पण त्याच नॅरोगेजकडे नीट पाहा. तिची रुंदी तिच्या नावातच होती. फलाटावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती डोळ्यांनी दिसत होती. ब्रॉडगेजचं तिकीट देऊन नॅरोगेजच्या डब्यात कुणी बसवत नव्हतं. विमानाच्या तिकिटावर काय असतं? 'इकॉनॉमी' एवढा एक शब्द. साडेअठरा इंचांची सीटही इकॉनॉमी आणि सतरा इंचांचीही इकॉनॉमी. प्रवासी स्वस्त भाडंच निवडतात, म्हणून कंपन्या तसं देतात, हा युक्तिवाद बाजाराच्या नावाने केला जातो. पण ज्या दोन वस्तूंतला फरक गिऱ्हाइकाला सांगितलाच नाही, त्यांतून त्याने निवड केली असं म्हणता येईल का? वजन-मापाचा कायदा पाकिटावर ग्रॅम छापायला लावतो. वाण्याने पाव किलो साखर दोनशे ग्रॅम भरली आणि "गिऱ्हाइकाला स्वस्तच हवी होती" म्हणाला, तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरा मुद्दा इंधनाचा आणि हवेत जाणाऱ्या धुराचा. तोही खरा आहे: जितके जास्त लोक एका विमानात, तितका माणशी धूर कमी. माझी सून हा मुद्दा फार तळमळीने मांडते आणि तिच्या काळजीबद्दल मला आदर आहे. पण धुरासाठी जागा आवळायची तर ती सगळ्या केबिनची आवळावी लागेल. ७८७ च्या ज्या साडेपाच मीटरमध्ये मागे नऊ जण बसतात, त्याच साडेपाच मीटरमध्ये पुढच्या वर्गात अनेक कंपन्या १-२-१ असे चौघेच निजवतात, आणि लांबीतही ते चौघे मागच्या दोन-अडीच रांगा खातात. पर्यावरणाचं ओझं फक्त पडद्यामागच्या माणसांच्या खांद्यांवर टाकणं मला पटत नाही.

तिसरा मुद्दा: सरकारने इंच मोजत बसू नये, त्याचं काम सुरक्षिततेचं. हे ऐकलं की मला खरोखर राग येतो, कारण इंच आधीच मोजलेले आहेत. मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत सीटच्या गटांमधल्या चालायच्या वाटेची रुंदी ठरलेली आहे: जमिनीपासून पंचवीस इंच उंचीपर्यंत किमान पंधरा इंच, त्याच्या वर किमान वीस. एकच वाट असलेल्या विमानात तिच्या कुठल्याही बाजूला तीनपेक्षा जास्त सीट नकोत, हेही ठरलेलं आहे. सीटने किती धक्का सोसावा, अर्धी दारं बंद असताना सगळी माणसं नव्वद सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, हेही. वाटेला किमान रुंदी आहे, सीटला नाही. केबिनमध्ये न्यायच्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची तिन्ही सेंटिमीटरमध्ये तिकिटाबरोबर येते. बॅग घेऊन बसणाऱ्याचं माप येत नाही. आपल्या राज्यांच्या मोटार वाहन नियमांत साध्या बसमधल्या प्रवाशालासुद्धा किमान ३८ सेंटिमीटर चौरस बैठक द्यावी असं लिहिलेलं आहे. ते पंधरा इंच आहेत, फारच कमी, मान्य. पण खेड्यातल्या बसला जो तळ आहे तो सोळा तासांच्या विमानाला का नसावा?

आणि आकडा ठरवल्याने विमान कंपन्या बुडतात असाही अनुभव नाही. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या धावपट्टीवर विमानाला आग लागून ५५ माणसं गेली. बरीचशी धुराने, कारण दारापर्यंत पोचणंच कठीण झालं. त्यानंतर ब्रिटनने १९८९ मध्ये नियम केला की एका सीटची पाठ आणि पुढच्या सीटची मागची बाजू यांत किमान २६ इंच जागा हवी. ब्रिटिश विमानं त्यानंतरही उडत राहिली, स्वस्त भाड्याच्या कंपन्या तिथे त्यानंतरच फोफावल्या. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रवाशांच्या संघटनेच्या अर्जावर तिथल्या अपील न्यायालयाने या आकसत जाणाऱ्या सीटची दखल घेतली आणि विमान प्रशासनाला फेरविचार करायला लावला. २०१८ च्या कायद्याने सीटची किमान मापं वर्षभरात ठरवा असं सांगितलं. ते वर्ष केव्हाच उलटलं. मधल्या काळात ओक्लाहोमा सिटीत चाचण्या झाल्या आणि आजच्या सीटमुळे बाहेर पडायला अडथळा येत नाही असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष माझ्या विरुद्ध जातो, तो मी लपवत नाही. पण त्या चाचण्यांत घेतलेली माणसं अठरा ते साठ वयाची आणि धडधाकट होती. आमच्या बाकावरच्या एकालाही त्यात घेतलं नसतं, आणि परदेशी जाणाऱ्या विमानांत आमच्यासारखेच किती असतात हे मुंबईच्या विमानतळावर व्हीलचेअरच्या रांगेकडे पाहिलं की कळतं.

रेल्वेच्या माणसाला या सगळ्यात ओळखीचं काहीतरी दिसतं. काही वर्षांपूर्वी स्लीपरच्या डब्यात बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घातला गेला. एका खणात आठ माणसं होती, ती नऊ झाली. ७८७ ची हीच गोष्ट, आठची नऊ. हिशेब कागदावर बिनचूक होता: त्याच डब्यात, त्याच इंजिनामागे जास्त उतारू. पण त्या मधल्या बर्थवर माणसाला बसता येत नव्हतं आणि खालच्याला मान ताठ करता येत नव्हती. लोकांनी आरडाओरडा केला आणि साध्या गाड्यांतून तो बर्थ काढावा लागला. लोक ओरडू शकले, कारण प्रत्येक डबा सारखा होता आणि काय बदललं ते सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. आणि त्याच्याही आधी, मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आली. दुसऱ्या वर्गाच्या उतारूला गादी कशाला, खर्च कोण देणार, हे प्रश्न तेव्हाही होतेच. आज ती गादी काढून घ्या असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का? कोकणातून निवडून आलेल्या त्या समाजवादी माणसाला कळलं होतं की स्वस्त वर्ग असणं आणि त्या वर्गाला हाल सोसायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागच्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिच्या जागी दुसरी असती तरी तेच झालं असतं. तिकीट काढताना विमान ७७७ आहे हे पाहून मी खूश होतो, मीही तेव्हा तक्त्यावरच विश्वास ठेवणारा. आमच्या जागा चारच्या गटातल्या मधल्या दोन. हिच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप मी बरोबर घेतली होती. दिवे मंद झाल्यावर मोजलं, सतरा इंचाला एक सूत कमी. हिचे गुडघे दुखतात, दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला डॉक्टरांनी सांगितलेलं. पण शेजारचा अनोळखी माणूस झोपलेला. त्याला उठवायचं कसं, या संकोचाने ती अकरा तास जागची हलली नाही. सीटच्या रुंदीने पायात गुठळी होते असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. मी एवढंच पाहिलं की उतरताना तिचे पाऊल चपलेत जाईना.

जपान एअरलाइन्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, तिची भाडी पाहा. खरं आहे, आठची रांग फुकट मिळत नाही. मी सगळ्यांना आठची रांग द्या म्हणत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आधी एवढंच करावं की भारतातून सुटणाऱ्या प्रत्येक लांबच्या विमानाच्या तिकिटावर, पैसे भरण्याआधी, तीन आकडे दिसावेत: सीटची रुंदी, दोन रांगांतलं अंतर, आणि एका रांगेत माणसं किती. विमान आयत्या वेळी बदललं आणि सीट अरुंद निघाली तर फरकाचे पैसे परत मिळावेत. तळ सतरा इंचांवर असावा की अठरावर, याबद्दल जाणकारांनी बसून भांडावं. सहा तासांच्या वरच्या प्रवासाला मी अठरा मागेन आणि कुणी साडेसतराची कारणं नीट दिली तर ऐकून घेईन. आजची स्थिती अशी की ज्यावर भांडायचं तो आकडाच प्रवाशाला कुणी दाखवत नाही.

नोव्हेंबरात पुन्हा जायचं आहे. या वेळी मी पैसे भरण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि सीट किती इंच रुंद आहे ते विचारलं. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिने केबिन बॅगेचं माप सांगितलं, वजन सांगितलं, व्हीलचेअरची नोंद करून घेतली. सीटच्या रुंदीसाठी तिने मला दोनदा थांबायला लावलं, मग म्हणाली, "काका, ते आमच्या स्क्रीनवर येत नाही." टेप मी बॅगेत ठेवली आहे.